ग्वाल्हेरचा किल्ला : मुरादबक्ष जिथे मारला गेला, तिथे जाऊन नेमके काय पाहावे?

लष्करकर

४ डिसेंबर १६६१ रोजी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शाहजहान बादशहाचा धाकटा मुलगा मुरादबक्ष याला मारण्यात आले. त्याचा बाप त्या वेळी आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत, पण जिवंत होता, आणि ज्याच्या हुकमाने तो मारला गेला तो सख्खा भाऊ औरंगजेब तख्तावर बसून तीन वर्षे उलटली होती. पुढच्याच वर्षी, मे १६६२ मध्ये, याच किल्ल्यावर औरंगजेबाचा मोठा भाऊ दारा शुकोह याचा थोरला मुलगा सुलेमान शुकोह अफूच्या बोंडांचे पाणी पाजून पाजून संपवण्यात आला. काका आणि पुतण्या दोघेही ग्वाल्हेरलाच पुरले गेले.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारी आम्ही मराठी माणसे पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना किल्ला दाखवायला नेतो, तेव्हा मानमंदिराच्या तळघरात गाईड मोबाइलचा उजेड छताकडे धरतो आणि सांगतो की मुरादला याच ठिकाणी फासावर लटकवले. पाहुणे माना वर करतात, कोणी फोटो काढतो, आणि मंडळी सासबहूच्या देवळाकडे निघतात. हे वर्षानुवर्षे चालत आले आहे आणि ते मला मनापासून खटकते, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मुरादला फाशी दिलेली नाही, त्याला शस्त्राने मारले. त्या काळी दिल्ली दरबारात असलेला फ्रेंच वैद्य बर्निये शिरच्छेद म्हणतो, आणि जागा सांगताना ‘ग्वाल्हेरचा किल्ला’ एवढेच म्हणतो. दुसरी गोष्ट अशी की ज्या तळघराला आज ‘फांसीघर’ म्हणतात, ते मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी बांधलेल्या राजवाड्याचे उन्हाळी मजले आहेत. जिना इतका अरुंद आहे की समोरून कोणी आले तर एकाला भिंतीला टेकून उभे राहावे लागते. खाली गोल दालन, मधोमध खांबांचे वर्तुळ, आणि भिंतीतून वरपर्यंत गेलेल्या हवेच्या तिरप्या नळ्या आहेत. वरच्या दालनातल्या कड्या राण्यांच्या झोपाळ्यांच्या म्हणून दाखवल्या जातात आणि खाली उतरले की फासाची गोष्ट सुरू होते. मुघलांनी या तळमजल्यांचा उपयोग तुरुंग म्हणून केला हे खरे आहे. पण बांधणाऱ्याने ती जागा त्यासाठी बांधली नव्हती, आणि ते दालन पाहून मुरादच्या मृत्यूविषयी काहीही कळत नाही.

खरा गुन्हा कसा घडला, हे फासाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भयंकर आहे. १६५७ मध्ये मुराद गुजरातचा सुभेदार असताना अली नकी नावाचा प्रामाणिक आणि कडक दिवाण त्याच्या हाताखाली होता. दिवाणाच्या वैऱ्यांनी त्याच्या शिक्क्याचे खोटे पत्र तयार केले, ज्यात तो दाराला सामील असल्याचे दिसत होते. ते पत्र मुरादच्या हाती पोचले तेव्हा तो नशेत होता आणि त्याने अली नकीला भाल्याने स्वतःच्या हाताने मारले. पुढे मुरादला संपवण्याची वेळ आली तेव्हा औरंगजेबाने हाच जुना खून उकरून काढला. शरियतेप्रमाणे खुनाबद्दल खून मागण्याचा हक्क मृताच्या वारसांना असतो, म्हणून अली नकीच्या मुलांनी फिर्याद करावी अशी व्यवस्था झाली. थोरल्या मुलाने सूड मागण्यास नकार दिला. धाकटा तयार झाला. काझीने रीतसर चौकशी केली, खून शाबीत ठरला, आणि मुराद मारला गेला. म्हणजे बादशहाने भावाचा खून केला नाही, एका अनाथ मुलाला न्याय मिळवून दिला, असे दप्तरात राहिले.

माझे म्हणणे एवढेच आहे की किल्ला दाखवताना कडी दाखवू नये, ही कागदोपत्री निर्दोष असलेली हत्या सांगावी. आणि काही डोळ्यांनी दाखवायचेच असेल तर पायथ्याचा आलमगिरी दरवाजा दाखवावा. औरंगजेबाचा किल्लेदार मुतमिद खान याने तो १६६० मध्ये बांधला आणि बादशहाच्या किताबावरून त्याला नाव दिले. मुराद तेव्हा वर कैदेत होता. पर्यटक त्या दरवाजाखालून घाईने वर जातात आणि तळघरात शिरून दुसऱ्याच गोष्टीने हळहळतात.

कोथरूडची प्रवासी

धागा वाचून तुमच्याविषयी आदर वाटला. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत ग्वाल्हेरला येणार आहोत, सोबत सत्तरी ओलांडलेले वडील आणि नववीतली मुलगी आहे. मुलीला शाळेत ‘वारसायुद्ध’ एका परिच्छेदात शिकवले आहे, त्यात मुरादचे नाव येते आणि लगेच नाहीसे होते. मला एक प्रश्न पडला. मुरादनेही निरपराध माणूस मारला होता, मग त्याला झालेली शिक्षा अन्याय कशी म्हणायची? हा प्रश्न मुलगी मला विचारणार हे नक्की, तेव्हा तो आधीच विचारून ठेवते.

जुनी बखर

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर तारखांत आहे. अली नकीचा खून १६५७ च्या शरद ऋतूत झाला आणि मुरादला त्याबद्दल देहदंड १६६१ च्या अखेरीस झाला. मधल्या काळात औरंगजेबाला हा खून ठाऊक नव्हता असे नाही. तो ठाऊक असूनच त्याने मुरादशी करार केला, कुराणाची साक्ष ठेवून साम्राज्याची वाटणी ठरवली आणि पंजाब, काश्मीर, अफगाणिस्तान व सिंध त्याच्या नावे लिहून दिले. १५ एप्रिल १६५८ रोजी धर्मतला, म्हणजे आपल्या उज्जैनजवळ, आणि २९ मे रोजी सामूगढला बादशाही फौजेशी लढायला हा ‘खुनी’ भाऊ त्याला हवाच होता. सामूगढला मुरादच्या चेहऱ्यावर बाणांच्या जखमा झाल्या आणि त्याचा हौदा बाणांनी भरून गेला होता.

लढाई जिंकल्यावर महिनाही पुरता झाला नाही, तोच २५ जूनला मथुरेजवळच्या छावणीत औरंगजेबाने त्याला मेजवानीला बोलावले, दारू पाजली, झोप लागेपर्यंत पाय चेपायला दासी दिली आणि तो झोपताच त्याची शस्त्रे उचलून नेली. त्याच रात्री बंद हौद्यांचे चार हत्ती चार दिशांना रवाना केले, जेणेकरून मुरादच्या माणसांना तो कोणत्या हत्तीवर आहे हे कळू नये. आधी दिल्लीचा सलीमगढ आणि जानेवारी १६५९ मध्ये ग्वाल्हेर, असा त्याचा प्रवास झाला. अली नकीसाठी न्याय करायचा असता तर कैदेच्या पहिल्याच वर्षी करता आला असता. तो झाला मुराद किल्ल्यातून पळण्याच्या बेतात सापडल्यानंतर.

ती हकीकतही मुलीला जरूर सांगा. तटावरून दोरीची शिडी लावली गेली होती. जाण्यापूर्वी मुराद आपल्या कैदेत सोबत असलेल्या सरस्वतीबाईचा निरोप घ्यायला गेला, तिला रडू आवरले नाही आणि त्या आवाजाने पहारेकरी जागे झाले.

तरीही मुराद हा काही सोशिक सज्जन नव्हता, हेही सांगितले पाहिजे. बापाच्या आजारपणाची बातमी येताच त्याने अहमदाबादेत स्वतःच्या नावाने तख्त मांडले, आणि त्याच्या फौजेने सुरत लुटली. तो मारला गेला म्हणून त्याला देवमाणूस करण्याचे कारण नाही.

चिटणीस की गोठ

लष्करकर, तुमची माहिती मान्य आहे, पण गाईडविषयीचा सूर मला पटला नाही. माझे बालपण किल्ल्याच्या सावलीत गेले आहे आणि ही माणसे मी जवळून पाहिली आहेत. पाऊण तासात अख्खा किल्ला, शून्याचा शिलालेख, तेली का मंदिर आणि जौहर कुंड उरकायला सांगणारे पाहुणे असतात. त्यांच्यापुढे खुनाबद्दल खून मागण्याचा कायदा समजावून सांगायचा कसा? लोक स्वतःच विचारतात, ‘फाशी कुठे दिली?’ उत्तर दिले नाही तर त्यांना वाटते की या गाईडला काही येत नाही. दोष ऐकणाऱ्यांचाही आहे.

शिवाय एक गोष्ट लक्षात घ्या. फासाची गोष्ट चुकीची असली तरी तिच्यामुळे मुराद हे नाव ग्वाल्हेरात टिकून राहिले. दिल्लीत किंवा आग्र्यात विचारा, कोणी सांगणार नाही.

लष्करकर

दादा, रोजगार करणाऱ्या माणसाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. परंतु ‘नाव टिकले’ हे मला पुरेसे वाटत नाही. फासाची गोष्ट ऐकून माणूस घरी जातो तो असे समजून की जुने राजे क्रूर असत, कोणालाही लटकवत. मुरादच्या बाबतीत घडले ते वेगळे आहे. तेथे फिर्यादी होता, काझी होता, साक्षीपुरावा होता, आणि सर्वांत विलक्षण म्हणजे इतिहासकार खाफी खान लिहितो की ज्या थोरल्या मुलाने सूड मागण्याचे नाकारले त्याच्यावर औरंगजेबाने पुढे मेहेरबानी केली. आपल्या हाताला रक्त लागू न देता दुसऱ्याच्या दुःखाचा उपयोग करून घेणारा, आणि तरीही क्षमाशील माणसाची कदर करताना दिसणारा राज्यकर्ता या हकीकतीत आहे. तो मोबाइलच्या उजेडात दिसत नाही.

पाऊण तासाची अडचण खरी आहे. पण ‘भावाने भावाला मारले, पण कायद्याच्या हातून’ हे वाक्य बोलायला कडी दाखवण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. आपल्यापैकी जे पाहुण्यांना घेऊन जातात त्यांनी ते स्वतः बोलावे. मुरादने काझीसमोर काय म्हटले तेही सांगावे. त्याने बचाव केला नाही. बादशहाने आपली वचने आठवून माझा जीव वाचवला तर राज्याचे काही बिघडणार नव्हते, पण त्याला माझे मरणच हवे असेल तर असल्या हलक्या माणसांसमोर मला उभे करण्यात काय अर्थ, जे करायचे ते करा, अशा आशयाचे त्याचे उत्तर होते.

दवाखाना गल्ली

सुलेमान शुकोहविषयी थोडे लिहितो, कारण त्याची हत्या मुरादहून अधिक थंड डोक्याने झालेली आहे आणि तिचा उल्लेख किल्ल्यावर फारसा होत नाही.

बर्नियेने ‘पोस्त’ पाजण्याची पद्धत नीट सांगितली आहे. अफूची बोंडे ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी त्या पाण्याचा मोठा पेला कैद्याला द्यायचा. तो पेला संपवल्याखेरीज त्याला काही खायला द्यायचे नाही. अशा माणसाची भूक जाते, शरीर वाळते, बुद्धी हळूहळू मंद होते, आणि तो असा मरतो की कोणी त्याला मारले असे म्हणता येऊ नये. वैद्यकाशी संबंधित काम करणारा म्हणून सांगतो की अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, सतत गुंगी राहते आणि श्वास उथळ होत जातो. त्यात अन्न तुटले की शरीराची झीज फार झपाट्याने होते. एका दिवसात मारायचे असते तर हे लागले नसते. राजरक्ताचा, देखणा, लोकांना आवडणारा तरुण लोकांच्या मनातून उतरावा म्हणून हा उपाय होता.

जानेवारी १६६१ मध्ये दिल्ली दरबारात त्याला औरंगजेबासमोर उभे केले तेव्हा बर्निये तेथे हजर होता. पायातल्या बेड्या काढलेल्या होत्या आणि हातात सोनेरी मुलामा दिलेल्या बेड्या होत्या. सुलेमानने एकच मागणे मागितले की पोस्त द्यायचे असेल तर मला आत्ताच मारून टाका. औरंगजेबाने सर्वांसमक्ष शपथपूर्वक वचन दिले की ते दिले जाणार नाही. त्यानंतर त्याला ग्वाल्हेरला पाठवले, आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तो संपला. वय पुरते तिशीचेही नव्हते.

राजगड ते आग्रा

दवाखाना गल्ली यांच्या प्रतिसादाला जोडून मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट सांगतो.

सुलेमान शुकोह गढवालच्या श्रीनगरला तेथल्या राजाच्या आश्रयाला होता. म्हाताऱ्या राजाने शरणागताला सोपवायचे नाकारले, पण त्याच्या मुलाने मुघलांच्या दडपणापुढे हार खाल्ली. बर्फातून पलीकडे निसटण्याचा सुलेमानचा प्रयत्न फसला, तो जखमी झाला आणि पकडला गेला. त्याला ताब्यात घेऊन जानेवारी १६६१ मध्ये दिल्लीला आणणारा माणूस म्हणजे मिर्झाराजा जयसिंहाचा मुलगा कुंवर रामसिंह. हाच तो रामसिंह, ज्याच्या हवाली पुढे १६६६ मध्ये आग्र्यात शिवाजी महाराजांची व्यवस्था होती आणि ज्याने त्यांच्यासाठी बादशहाला हमी लिहून दिली.

आता जरा विचार करा. आग्र्यात महाराजांना सुरक्षिततेचे वचन मिळाले होते, ते मिर्झाराजांच्या शब्दावर. सुलेमान शुकोहलाही वचन मिळाले होते, तेही खुद्द बादशहाच्या तोंडून, भर दरबारात. मिर्झाराजांची कहाणीही या कुटुंबाशी जुळलेली आहे. १६५८ च्या आरंभी औरंगजेबाचा दुसरा भाऊ शुजा याच्याविरुद्ध ते सुलेमानच्या सोबत लढले आणि सामूगढचा निकाल कळताच त्याची साथ सोडून औरंगजेबाकडे गेले. सुलेमानचे काय झाले हे रामसिंहाला पक्के ठाऊक होते. १२ मे १६६६ च्या दरबारानंतर महाराजांच्या निवासाभोवती पहारे बसले, तेव्हा रामसिंहाच्या मनात ग्वाल्हेरच्या किल्ल्याचे नाव आले नसेल असे मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, कागद नाही. पण १७ ऑगस्टची सुटका कशापासून होती हे समजून घ्यायचे असेल तर मराठी माणसाने ग्वाल्हेरचा किल्ला त्या नजरेने एकदा चढावा. आपण तेथे शिंद्यांचा किल्ला म्हणून जातो. त्याआधी शंभर वर्षे तो काय होता याकडे आपले दुर्लक्ष होते.

फूलबाग

मी थोडा वेगळा विचार मांडते. नववीतल्या मुलीला हे सगळे जरूर सांगावे, पण त्याच दिवशी किल्ल्यावरच्या दाता बंदीछोड गुरुद्वाऱ्यातही न्यावे. गुरू हरगोबिंद यांना जहांगीर बादशहाने, म्हणजे मुरादच्या आजोबाने, याच किल्ल्यावर कैदेत ठेवले होते. शीख परंपरा सांगते की सुटकेची वेळ आली तेव्हा त्यांनी एकट्याने बाहेर पडायचे नाकारले आणि अंगरख्याचे गोंडे धरून बावन्न राजे त्यांच्याबरोबर बाहेर पडले. दिवाळीला शीख मंडळी बंदीछोड दिवस पाळतात तो याच आठवणीचा. तुम्ही दिवाळीतच येत आहात, तेव्हा लंगरमध्ये अवश्य बसा. एकाच किल्ल्याची कैद दोन तऱ्हांनी लक्षात राहिली आहे, आणि एका समाजाने सुटका निवडली हे मुलीने प्रत्यक्ष पाहिलेले बरे. एखाद्या ठिकाणी माणूस मारला गेला एवढ्यासाठी तेथे जाणे मला अजूनही पूर्ण पटत नाही. जौहर कुंडाच्या काठावर हसत सेल्फी काढणारी मंडळी पाहिली की जीव गलबलतो.

लष्करकर

ताई, गुरुद्वाऱ्याची सूचना उत्तम आहे. सेल्फीविषयीही तुमच्याशी सहमत आहे. मात्र जाऊच नये असे मला वाटत नाही. आपण गेलो नाही तर तेथे फक्त कडी आणि तिची गोष्टच उरेल.

एक भर घालतो. १६६१ च्या त्या डिसेंबरात मुराद एकटा नव्हता. सुलेमान शुकोह होता, त्याचा धाकटा भाऊ सिपिहर शुकोह होता, आणि खुद्द औरंगजेबाचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान होता, जो शुजाच्या मुलीशी लग्न करून काही काळ त्याच्या बाजूला गेला होता आणि परत आल्यावर बापाने ग्वाल्हेरला धाडला होता. म्हणजे एकाच डोंगरावर बादशहाचा भाऊ, दोन पुतणे आणि मुलगा कैदेत होते. पुढे १६७२-७३ च्या सुमारास सिपिहर शुकोहला आणि मुरादच्या मुलाला, इज्जदबक्षला, बाहेर काढून औरंगजेबाने आपल्याच मुली त्यांना दिल्या. ज्यांच्या बापांना मारले त्यांना जावई करून घेतले. या लग्नांबद्दल त्या मुलींना काय वाटले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कोथरूडची प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. मुलीला अर्धा धागा वाचून दाखवला. थोरल्या मुलाने सूड का नाकारला, हा तिचा पहिला प्रश्न होता आणि त्यावर आमच्या घरी बराच वेळ चर्चा झाली. तिचे मत असे पडले की बापाच्या खुनाचा उपयोग दुसरेच कोणी करून घेत आहे हे त्याला कळले असावे. आता एक व्यवहाराचा प्रश्न : आलमगिरी दरवाजाकडून वडिलांना चढता येईल का?

लष्करकर

मुलीला माझा आशीर्वाद सांगा, तिचे उत्तर मला फार आवडले.

वडिलांना त्या बाजूने वर नेऊ नका. पूर्वेची वाट पायी चढायची आहे, फरशीची आहे आणि चढ चांगलाच अंगावर येतो. असे करा. सकाळी आधी किलागेटकडून पायथ्याशी या, गुजरी महालाचे संग्रहालय तेथेच आहे. सर्वांनी मिळून आलमगिरी दरवाजा सावकाश पाहा आणि मुतमिद खानाची हकीकत तेथेच सांगा. मग तुम्ही आणि मुलगी गणेश दरवाजा, लक्ष्मण दरवाजा करत हाथी दरवाजापर्यंत चालत चढा. वाटेत चतुर्भुज मंदिरातला शून्याचा शिलालेखही होईल. वडिलांना गाडीने उरवाई दरवाजाच्या बाजूने वर पाठवा. त्या रस्त्यावर कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती त्यांना गाडीत बसल्या बसल्या दिसतील. वर मानमंदिरापाशी भेटा.

तळघरात वडिलांना उतरवू नका, पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या आहेत. तुम्ही उतरलात तर स्वतःची विजेरी घ्या आणि छत बेताचे आहे म्हणून डोके सांभाळा. गाईड केला तर त्याला आधीच नम्रपणे सांगा की आम्हाला अली नकीच्या मुलांची हकीकत ऐकायची आहे. त्याला ठाऊक नसेल तर मुलीला सांगू द्या. निघण्यापूर्वी येथे तारीख कळवा, त्या दिवशी मला जमले तर मी किलागेटला येईन.